२१ हजारांत तिघांचं घर कसं चालवायचं

घरात पैसा कमी पडू लागला की पहिला वार भाजीवर आणि दुधावर होतो. त्यातून महिन्याला दोन-तीनशे सुटतात, घरात चिडचिड वाढते आणि तरीही वीस तारखेनंतर उसनवारी चालूच राहते. कारण घडी मोडते ती भाजीमुळे नव्हे. ती मोडते जूनमध्ये फीच्या वेळी, दिवाळीला, गाडीच्या विम्याला, गावाकडच्या लग्नाला. हे खर्च दरवर्षी येतात, त्यांचा महिनाही ठाऊक असतो, पण महिन्याच्या हिशोबात त्यांना जागा नसते. मग कर्ज निघतं आणि पुढचे आठ-दहा महिने त्याचा हप्ता मुलाच्या दुधातून जातो. म्हणून इथे काटकसर नंतर आणि या खर्चांची सोय आधी घेतली आहे.

उदाहरणासाठी एक घर धरू. पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यात भाड्याची खोली आणि स्वयंपाकघर. नवरा कंपनीत कंत्राटी, ईएसआय (कामगारांचा आरोग्यविमा) आणि पीएफ कापून हातात १८,५००. बायको घरी फॉल-पिको आणि ब्लाउज शिवते. मूल साडेतीन वर्षांचं. तुमचे आकडे वेगळे असतील, पण मांडणी हीच ठेवा.

मिळकत सगळ्यात वाईट महिन्याची धरा

शिवणकामाचे लग्नसराईत पाच हजार येतात आणि आषाढात अडीच. हिशोबात अडीचच धरायचे. ओव्हरटाइम तर धरायचाच नाही. ऑर्डर कमी झाली की कंपनी आधी तोच बंद करते, आणि ओव्हरटाइमच्या भरवशावर घेतलेला हप्ता मात्र बंद होत नाही. या घराची धरायची मिळकत झाली २१,०००. वरचे जे येतील ते कुठे जातील हेही आधीच ठरवून ठेवा: पहिलं कर्ज, मग राखीव रक्कम.

महिना १ तारखेपासून मोजू नका. पगार ७ ला होत असेल तर महिना ७ ते ६. कॅलेंडरचा महिना धरला की पहिले सहा दिवस कुठल्या पैशातून काढायचे याचा मेळच लागत नाही, आणि नेमकी याच दिवसांत वाण्याची उधारी चढते.

वर्षाचे खर्च आधी लिहा, मग महिन्याचे

एका कागदावर बारा महिने लिहा आणि गेल्या वर्षी त्या-त्या महिन्यात काय काय आलं ते आठवून भरा. दोघांनी बसून भरा, कारण आहेर आणि ओटीचं बायकोला आठवतं, टायर आणि पीयूसीचं नवऱ्याला. आपल्या उदाहरणातल्या घराची यादी अशी होते:

बालवाडीची फी व साहित्य – ९,०००
दिवाळी – ५,०००
गावी दोन फेऱ्या – ३,५००
दुचाकीचा विमा, सर्व्हिसिंग, टायर – ४,५००
कपडे, चपला, रेनकोट – ३,५००
भाडेकरार नव्याने करणं – १,५००
लग्नकार्य, बारसं, आहेर – ३,०००

बेरीज ३०,०००. भागिले १२ म्हणजे महिना २,५००. ही रक्कम पगाराच्या दिवशीच बाजूला निघाली पाहिजे. महिनाअखेर उरेल त्यातून काढू म्हटलं तर काहीच उरत नाही.

ठेवायची कुठे? ज्या खात्याला यूपीआय जोडलेलं नाही अशा खात्यात. शून्य शिलकीचं जनधन खातं चालेल, पोस्टाचं बचत खातंही चालेल (त्यात ५०० रुपये कायम ठेवावे लागतात). पगाराच्याच खात्यात 'मनाने वेगळे' ठेवलेले पैसे टिकत नाहीत. मोबाइलवर शिल्लक दिसते आणि हात सैल होतो. पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीतही हे पैसे टाकू नका, ते जूनला लागणार आहेत.

इथे अडचण पहिल्या वर्षी येते. ऑक्टोबरात सुरुवात केलीत तर दिवाळीपर्यंत हाती फक्त अडीच हजार असतात आणि खर्च पाच हजारांचा. त्या वर्षी दिवाळी अडीच हजारांतच करायची. एकदा पूर्ण वर्ष फिरलं की वर्षाच्या खर्चाचा हा डबा, म्हणजे हे वेगळं खातं, आपोआप भरत-रिकामा होत राहतो.

आता महिन्याचे आकडे. भाडं ५,५००. वीज-पाणी ७००. किराणा ३,५००. दूध ९००. भाजी-अंडी १,७००. गॅस ६००. जाणं-येणं १,५००. दोन मोबाइल ५००. औषधपाणी ५००. कर्जाचा हप्ता १,८००. वर्षाच्या खर्चाचे २,५००. राखीव ५००. किरकोळ ८००. बेरीज बरोबर २१,०००. तुमची बेरीज मिळकतीच्या वर जात असेल तर आकडे कमी लिहून ती जुळवू नका. कागदावर भाजी १,२०० लिहिली म्हणून मंडईत भाव उतरत नाही. कुठली ओळ खरोखर हलू शकते ते पाहा. बहुतेक घरांत अशा तीनच असतात: भाडं, हप्ते आणि जाणं-येणं.

भाड्याबद्दल एक गोष्ट. हजार रुपयांनी स्वस्त खोली कंपनीपासून आठ किलोमीटर लांब असेल तर हिशोब करा. येऊन-जाऊन १६ किलोमीटर, २६ दिवस, म्हणजे ४१६ किलोमीटर. गाडी लिटरला ५० देत असेल तर आठ लिटरच्या वर पेट्रोल जास्त लागतं, साडेआठशेच्या पुढे. गाडीची झीज वेगळी. हजारातले हातात काहीच राहत नाहीत. कंपनीची बस जिथून सुटते त्या थांब्याजवळची खोली पाचशेने महाग असली तरी परवडते.

भाजी आणि किरकोळीचे पाच भाग

महिन्याचे आठवड्याप्रमाणे चार भाग पाडले की शेवटचे दोन-तीन दिवस उघडे पडतात, कारण महिना चार आठवड्यांचा नसतो. त्यापेक्षा सहा-सहा दिवसांचे पाच भाग करा. भाजी-अंडी १,७०० आणि किरकोळ ८०० मिळून २,५००, म्हणजे दर सहा दिवसांना ५००. ही रक्कम एटीएममधून रोख काढा आणि पाच पाकिटांत ठेवा. रोखच का, तर दहा-वीस रुपयांचे यूपीआय खर्च लक्षात राहत नाहीत. पाकीट हलकं झालेलं मात्र हाताला कळतं. ३१ चा महिना असेल तर एक दिवस पाचव्या पाकिटावर जास्त पडतो, तेवढा पहिल्या चार पाकिटांतल्या सुट्ट्या पैशांतून निघतो.

एक पाकीट आधी संपलं तर पुढचं फोडायचं नाही. उरलेले एक-दोन दिवस घरातल्या कडधान्यावर आणि बेसनावर काढायचे. तीन माणसांच्या पिठल्याला एक वाटी बेसन, साडेतीन वाट्या पाणी, एक कांदा आणि फोडणी पुरते. मटकी १०० ग्रॅम भिजवली की मोड आल्यावर दुपटीहून जास्त होते. आठ-दहा तास भिजवायची, पाणी पूर्ण निथळायचं, मग कापडात बारा-पंधरा तास बांधून ठेवायची. मोड येण्याआधीच मटकीला वास येतो तेव्हा बहुतेक वेळा पाणी नीट निथळलेलं नसतं.

मंडईत संध्याकाळी उशिरा जा, पण पालेभाजी त्या वेळी घेऊ नका. दिवसभर पाणी मारलेली जुडी दुसऱ्या दिवशी सडते आणि निम्मी फेकावी लागते. उशिरा घ्यायची ती वांगी, दुधी, कोबी, टोमॅटो. घरी आणलेली भाजी संपवायचा क्रम ठरवून ठेवा: मेथी-शेपू पहिल्या दोन दिवसांत, मग गवार-भेंडी, कोबी-दुधी शेवटी. कांदा मात्र एप्रिल-मेमध्ये उन्हाळी मालाचा दहा-पंधरा किलो घ्यायला हरकत नाही. तो टिकतो. कोरड्या जागी पसरून ठेवा आणि आठवड्यातून एकदा मऊ पडलेले काढून टाका. पावसाळी कांदा साठवायच्या भानगडीत पडू नका.

किराणा: यादी एकदाच, भाव किलोचा

दोन मोठी माणसं आणि एक लहान मूल यांना महिन्याला लागणारा माल साधारण असा: गहू १२ किलो, तांदूळ ६ किलो, ज्वारी ३ किलो, डाळी मिळून साडेतीन किलो, कडधान्य १ किलो, तेल अडीच लिटर, साखर २ किलो, चहा पावडर ४०० ग्रॅम, शेंगदाणे १ किलो, पोहे-रवा-बेसन एकेक किलो, मीठ-मसाला, साबण-पेस्ट-पॅड. शहरी भावाने हे सव्वातीन हजारांच्या आसपास बसतं. तुमचं बिल याच्या बरंच वर जात असेल तर फरक धान्यात नसतो, पाकिटांत असतो: बिस्किटं, फरसाण, सॉस, तयार मसाले, लहान पाउच.

गहू घेऊन गिरणीत दळून आणला तर पाकीटबंद आट्यापेक्षा किलोमागे साधारण आठ-दहा रुपये वाचतात. तुरीत निम्मी मसूर मिसळली की आमटीची चव फारशी बदलत नाही, डाळ लवकर शिजते आणि किलोचा भाव खाली येतो. तेलाच्या पिशवीवरचं वजन वाचा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, पण तेवढ्याच दिसणाऱ्या काही पिशव्या ८०० किंवा ८५० ग्रॅमच्या असतात. डब्याचंही तसंच. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा यांत सव्वा किलोहून जास्त फरक असतो. भाव नेहमी किलोवर आणून ताडा.

वर्षाची बेगमी स्वस्त पडते हे खरं. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते, ज्वारी आणि गहू फेब्रुवारी ते एप्रिल, लाल मिरची मार्चच्या सुमारास. पण त्यासाठी कर्ज काढू नका. वर्षाच्या खर्चाच्या डब्यात तेवढे असतील तर तीन महिन्यांचा गहू घ्या किंवा जाऊबाई, शेजारीण यांच्याशी मिळून एक कट्टा वाटून घ्या. गहू दोन दिवस कडक ऊन देऊन, पूर्ण थंड करून मगच डब्यात भरा. गरम गहू भरला की आत दमटपणा धरतो आणि किडे होतात. तीस किलोला तीन-चार चमचे एरंडेल चोळलं की पुरतं.

रेशन सोडू नका. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी ५ किलो धान्य मोफत मिळतं, तिघांचं महिन्याला १५ किलो. किराण्यातून पाचशे-सहाशे सहज कमी होतात. नव्या घरांत दोन ठिकाणी घोडं अडतं. एक म्हणजे बायकोचं नाव अजून माहेरच्या कार्डावर असतं. तिथून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय ते सासरच्या कार्डावर चढत नाही. मुलाचं नाव जन्मदाखला आणि आधारवर चढतं. दुसरं म्हणजे कार्ड बीडचं किंवा लातूरचं आणि राहायला भोसरीत. त्यासाठी कार्ड बदलावं लागत नाही. आधार जोडलेलं असेल तर कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून आपल्या वाट्याचं धान्य उचलता येतं आणि उरलेलं गावी आई-वडील घेऊ शकतात. कार्डावरच्या प्रत्येकाचं ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) झालेलं हवं, तेही जवळच्या रेशन दुकानात होतं.

मुलाच्या दुधाला, अंड्याला आणि डाळीला हात लावू नका. रोज दहा रुपयांचा बिस्किटपुडा म्हणजे महिना ३००. तेवढ्यात चाळीसेक अंडी येतात. डब्यातल्या महागड्या पौष्टिक पावडरीऐवजी नाचणी मोड आणून, वाळवून, भाजून दळून ठेवा. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल आणि आईला अंगावर पाजता येत असेल तर दुधाच्या पावडरीकडे वळायची घाई नको. ४०० ग्रॅमचा डबा तीन-चार दिवसांत संपतो. पावडर पुरवण्यासाठी पातळ करून पाजणं तर बाळाच्या जिवाशी खेळ आहे. डायपर फक्त रात्री आणि प्रवासात वापरा, दिवसा सुती लंगोट. दिवसाला सहा डायपरांचे महिन्याला दीड हजारावर जातात. अंगणवाडीत नाव घाला. तिथे सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरी न्यायचा आहार आणि तीन ते सहाच्या मुलाला गरम जेवण मिळतं. बीसीजी, पेंटाव्हॅलंट, रोटा, गोवर-रुबेला या लशी सरकारी दवाखान्यात मोफत आहेत आणि त्या कुठल्याही प्रकारे कमी दर्जाच्या नाहीत.

गॅस आणि वीज

१४.२ किलोचं सिलिंडर तिघांच्या घरात दीड महिना जायला हवं. महिन्याच्या आतच संपत असेल तर आधी वजन पाहा. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच कोरलेलं असतं. त्यात १४.२ मिळवा आणि घरपोच देणाऱ्याला काट्यावर लावायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. वजन बरोबर असेल तर बर्नर पाहा. ज्योत निळी हवी. पिवळी ज्योत आणि भांड्याला काजळी म्हणजे छिद्रं बुजली आहेत, गॅस वाया जातो आहे. डाळ अर्धा-पाऊण तास, तांदूळ वीस मिनिटं भिजवा, वरण-भात-बटाटे एकाच कुकरात लावा आणि पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा. अंघोळीचं पाणी रोज गॅसवर तापत असेल तर टाकी दीड महिना जाणं विसरा.

विजेचा हिशोब वॅटवरून करता येतो. ७५ वॅटचा पंखा बारा तास चालला की रोज ०.९ युनिट, महिन्याला २७. दोन एलईडी ट्यूब, लहान टीव्ही आणि साधा फ्रिज मिळून आणखी तीसेक युनिट. पाणी तापवायची १,५०० वॅटची कांडी रोज अर्धा तास लावली तर त्यात २२ ची भर. एवढं करूनही घर शंभराच्या आत राहतं, आणि ते राहिलंच पाहिजे. महावितरणचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत आणि शंभरानंतरच्या युनिटचा दर जवळपास दुप्पट आहे. वाढीव दर फक्त शंभराच्या वरच्या युनिटांना लागतो, सगळ्या बिलाला नव्हे.

भाडेकरूचं गणित इथेच चुकतं. सबमीटर असतो आणि मालक युनिटला सरसकट दहा-बारा रुपये लावतो. भांडण न करता मुख्य मीटरचं बिल मागून पाहा. एकूण रक्कम भागिले एकूण युनिट, जो दर निघेल तो द्यायची तयारी दाखवा. 'काका, बिलात जो दर पडतो तेवढा आम्ही दर महिन्याला वेळेवर देऊ' असं म्हटलं तर बरेच मालक ऐकतात. नवी खोली घेताना हे कराराआधीच बोलून घ्या. करार नोंदणी केलेलाच करा. गॅसजोडणीला, बँकेला, मुलाच्या आरटीई (शिक्षण हक्क कायद्याखालच्या मोफत) प्रवेशाला पत्त्याचा पुरावा म्हणून तोच लागतो.

कर्ज: आधी व्याज एका मापात आणा

देणी सगळी एका पानावर लिहा. कोणाचं, किती बाकी, महिन्याला किती जातात, आणि व्याज वर्षाला किती टक्के. चौथा रकाना महत्त्वाचा, कारण प्रत्येक जण व्याज वेगळ्या भाषेत सांगतो. खासगी देणारा 'शेकडा पाच' म्हणतो, ते महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाला ६० टक्के होतं. गाडीचा फायनान्सवाला 'फ्लॅट दहा टक्के' म्हणतो. दोन वर्षांच्या कर्जावर ते प्रत्यक्षात १८ टक्क्यांच्या आसपास जातं, कारण मुद्दल फिटत गेली तरी व्याज मूळ रकमेवरच धरलेलं असतं. क्रेडिट कार्डाचं थकीत तीन-साडेतीन टक्के महिना म्हणजे वर्षाला ४० च्या आसपास. कार्डावर फक्त 'मिनिमम' भरत राहिलं तर मुद्दल जवळजवळ हलतच नाही.

आकडे पाहा. २०,००० शेकडा पाचने घेतले तर महिन्याला १,००० व्याज. वर्षभरात १२,००० गेले आणि २०,००० जसेच्या तसे उभे. तेच २०,००० बचत गटातून शेकडा दोनने घेतले आणि मुद्दल बारा सारख्या हप्त्यांत फेडली तर व्याज सगळं मिळून २,६०० होतं. म्हणून महाग कर्ज स्वस्त कर्जाने फेडणं हा अडचणीतल्या घराचा सगळ्यात मोठा फायद्याचा व्यवहार आहे. बचत गट, पतसंस्था, कंपनीची सोसायटी, नाहीतर बँकेतलं सोनंतारण, या क्रमाने विचारा. सोनं मोडण्यापेक्षा आणि सावकाराकडे ठेवण्यापेक्षा बँकेत तारण बरं, पण फक्त व्याज भरून दरवर्षी नवं करत बसाल तर ते सोनं परत येत नाही. तारण ठेवतानाच दर महिन्याला किती मुद्दल जाईल ते ठरवा.

अशी सोय झाली नाही तर सगळ्या कर्जांचे किमान हप्ते भरून वरचे जे सुटतील ते सगळे सर्वात जास्त टक्क्याच्या कर्जात टाका. सगळीकडे शंभर-शंभर जास्त भरण्यात समाधान मिळतं, पण त्यात व्याज जास्त जातं.

सावकारीला महाराष्ट्रात २०१४ चा कायदा लागू आहे. परवाना असलेल्या सावकारालाही शेतकरी नसलेल्या कर्जदाराकडून तारणावर वर्षाला १५ आणि बिनतारणी १८ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. परवाना नसेल आणि धमक्या येत असतील तर सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या अॅपांपासून मात्र दूरच राहा. फोनमधली नावं-नंबर आणि फोटो मागणारं अॅप लगेच काढून टाका. छळ किंवा फसवणूक झाली तर १९३० या सायबर तक्रारीच्या नंबरवर फोन करा.

हप्ता चुकणार असं दिसलं की तारखेच्या आधी शाखेत जा. खात्यात पैसे नसताना हप्ता कापायला आला की तुमची बँकही दंड लावते आणि कर्ज देणाराही. दोन्ही मिळून पाचशेच्या वर सहज जातात. हप्त्याची तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांनी बदलून मागा.

वाण्याची जुनी उधारी नव्या खरेदीत मिसळू देऊ नका. 'भाऊ, जुन्याचे दर महिन्याला पाचशे देतो, नवा माल रोखीने नेतो' असं सरळ ठरवा आणि वहीत त्यांच्यासमोर लिहून घ्या. उधारीवर नेणाऱ्याला भाव विचारता येत नाही, हाच उधारीचा खरा खर्च आहे.

दवाखाना

ईएसआय कापला जात असेल तर तो वापरा. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्या कामगाराचे ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो, आणि त्यात नवरा-बायको, मुलं, अवलंबून असलेले आई-वडील यांचा उपचार येतो. पण कुटुंबाची नावं नोंदवलेली असली पाहिजेत. लग्नाआधी निघालेल्या कार्डावर एकट्याचंच नाव असतं आणि ते बाळंतपणाच्या वेळी लक्षात येतं. आजारपणात रजा पडली तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो, हे कंत्राटदार आपणहून सांगत नाही. ईएसआय नसेल तर रेशनकार्ड आणि आधारवर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. मोठ्या आजाराला पैसे उभे करण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेच्या मदतनीसाला, भेटा. रोजच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात (स्वस्त औषधांच्या सरकारी योजनेतलं दुकान) चौकशी करा.

विम्याचं थोडक्यात: बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपयांत प्रधानमंत्री जीवनज्योती आणि २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा निघतो. पहिल्यात मृत्यूनंतर, दुसऱ्यात अपघाती मृत्यूनंतर घरच्यांना प्रत्येकी २ लाख मिळतात. मेअखेर खात्यात ४५६ रुपये हवेत, नाहीतर विमा बंद पडतो. हा घेतल्याशिवाय ओळखीच्या एजंटाची हजार रुपये महिन्याची पॉलिसी घेऊ नका. दोन वर्षांत ती बंद पडते आणि भरलेलं बुडतं, असं कितीतरी घरांत होतं.

तरीही महिना पुरला नाही तर

नोकरी गेली किंवा पगार लांबला तर पैसे देण्याचा क्रम हा: अन्न आणि मुलाचं दूध, औषध, भाडं, कामावर जाण्याचा खर्च, गॅस-वीज, मग हप्ते. हप्त्यांतही आधी ते, ज्यांच्यामागे सोनं किंवा गाडी तारण आहे. वसुलीवाला दारात ओरडतो म्हणून घरभाड्याचे पैसे त्याला देऊन टाकण्याची चूक भीतीपोटी होते. भाडं दोन महिने थकलं तर डोक्यावरचं छप्पर जातं. वर्षाच्या खर्चाच्या डब्यातून उचल घ्यावी लागली तर लिहून ठेवा आणि पुढच्या तीन महिन्यांत ती परत भरा.

नातलग उसने मागतात तेव्हा 'बघतो' म्हणू नका, त्याचा अर्थ होकार धरला जातो. 'दादा, या महिन्यात पाचशेच निघतील, ते परत नाही दिले तरी चालतील' हे बोलणं सोपं नाही, पण पाच हजार देऊन नातं आणि पैसे दोन्ही अडकण्यापेक्षा बरं. हा निर्णय नवरा-बायकोने आधी आपसांत घ्यावा. एकाने कबूल करायचं आणि दुसऱ्याने निस्तरायचं, असं होऊ देऊ नका.

दिवाळीचा बोनस कंत्राटी कामगारालाही लागू असतो. वर्षात ३० दिवस काम झालं असेल तर किमान ८.३३ टक्के. तो हातात यायच्या आधी वाटून ठेवा: निम्मा सर्वात महाग कर्जात, पाव राखीव रकमेत, उरलेला पाव घरात सगळ्यांना हवं असलेल्या गोष्टीसाठी. दिवाळीचा खर्च या बोनसमधून करू नका, त्याचे ५,००० तोपर्यंत डब्यात जमलेले असतात. राखीव रक्कम आधी ५,००० पर्यंत न्या, मग एका महिन्याच्या भाडं-किराण्याइतकी, म्हणजे या घराला ९,००० पर्यंत. तिथे पोहोचल्यावर महिन्याचे ते ५०० भाजी-अंड्यांच्या पाकिटांत घालायला हरकत नाही.